मधल्या गड्याचा उजवा हात

रविवार, १९ एप्रिल

प्रिय ओडेटताई,

तुझे गुडघे कसे आहेत? इथे तळ्याकाठी अजून बर्फाचे ढिगारे पडून आहेत, आणि तिकडे लुइझियानात तुम्ही अंगणात क्रॉफिश उकडत असाल, याचा हेवा वाटतो. ईस्टरला तू बांधून दिलेलं सॉसेज परवा संपलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हल्ली लूसियन तुझ्या शेजारीच बसलेला असतो. म्हणून हे पत्र, तेही घाईच्या टपालाने.

आधी कामाचं सांगतो. गुरुवारी अमेरिकन फुटबॉलची निवड सुरू होईल. एकेक संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलेल आणि तुझ्यासारख्या कितीतरी आया फोनकडे बघत बसतील. आमच्या बचावफळीची गेल्या हंगामात काय शोभा झाली, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. आमचा मधला गडी प्रूइट गुडघ्यांपायी निवृत्त झाला. त्याच्या जागी उभा केलेला पोरगा दोघांनी रेटला की मागे सरकायचा, आणि समोरचे आमच्यातून बाजारात फिरल्यासारखे जायचे. आमचा साहेब गुंडरसन बैठकीत म्हणाला, "मला मधे भिंत पाहिजे. वर्षभर आपण भिंतीच्या जागी दार ठेवून खेळलो, तेही उघडं."

फळीला नेमकी गरज कशाची, हे मांडायचं काम माझं. मी मांडलं की कडेचे गडी आहेत ते ठीक आहेत, त्यांच्यात भर नको. मधे एकट्याने दोघांना अडवून धरणारा हवा, ज्याला स्वतःच्या नावाची हाव नाही असा. गुंडरसन हसला. "अरे, हे तर तू तुझ्या भाच्याचंच वर्णन केलंस." खरंच तसं झालं होतं. मग त्याने बजावलं, "त्याच्याबद्दल तू तोंड उघडायचं नाहीस. घरचा माणूस म्हणून कौतुकच करशील." कचेरीच्या भिंतीवर आमच्या पसंतीची यादी लावलेली असते, तिथे मधल्या गड्यांच्या रांगेत लूसियनचं नाव सगळ्यात वर होतं.

होतं, ताई.

डाव सुरू होण्याआधी तो लहानपणापासून उजवा हात जमिनीला टेकवून, वाकून उभा राहतो. शेवटच्या काही सामन्यांत तो डावा टेकवतोय. आमच्या लोकांना वाटलं, कॉलेजातल्या नवीन प्रशिक्षकाने शिकवलं असेल. मी मात्र चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली, कारण मीही एकदा असाच हात बदलला होता. डोकं समोरच्यावर आदळलं की मानेपासून बोटांपर्यंत आग जाते आणि हात मेल्यासारखा लोंबतो. आम्ही गडी त्याला डंख म्हणतो. डंख म्हटलं की झालं, गांधीलमाशी चावल्यासारखं. माशी चावली म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? मला अजून सदऱ्याची वरची गुंडी नीट लावता येत नाही.

ईस्टरला मी त्याला कुंपणापाशी घेऊन गेलो ते तू पाहिलंस. आमचं काय बोलणं झालं, ते तुला सांगितलं नाही.

"डंख येतात?"

"मामा, कुणाला येत नाहीत?"

"किती येतात?"

"आता नाही मोजत." मग म्हणाला, "तू खेळून घेतलंस ना? मग माझ्या का आडवा येतोस? निवडीचा तो एक फोन येऊ दे, मग स्वतः डॉक्टरकडे जाऊन दाखवीन. आणि आईला बोलू नकोस हं. तिने निवडीच्या रात्रीचं अर्ध्या चर्चला आमंत्रण दिलंय."

मी बरं म्हणालो. नंतर तो डाव्या हाताने क्रॉफिशची कवचं सोलत होता, तेव्हा तू विचारलंस, "डावखुरा कधीपासून झालास रे?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून छळतं.

गेल्या मंगळवारी आम्ही त्याला पुन्हा बोलावलं. तू सगळ्या गल्लीला सांगितलंस की पुन्हा बोलावलं म्हणजे पसंतच पडला. ताई, तो पसंत पडला म्हणून नाही बोलावलं. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना हाताचं सांगितलं, म्हणून बोलावलं. आधीच्या तपासणीत त्याला कधी हात बधिर होतो का विचारलं, तर तो नाही म्हणाला होता, आणि मानेच्या आत कुणी पाहिलंच नव्हतं. या वेळी पाहिलं. मज्जारज्जूला तिथे जागाच उरलेली नाही. बाई त्याला तोंडावर म्हणाल्या, "आणखी एक वाईट धडक बसली, तर मानेखाली काही हलणार नाही."

त्यावर त्याने एवढंच विचारलं, "हे बाकीच्या संघांना कळेल?"

"तुझ्या परवानगीशिवाय मी सांगू शकत नाही."

"मग नका सांगू."

बाहेर दाराशी मी सगळं ऐकत उभा होतो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला घरचा समजलो, हीच चूक झाली." आणि निघून गेला. तुला त्याने यातलं काहीच सांगितलेलं नाही, हे तुझ्या शुक्रवारच्या फोनवरून कळलं. तू मेजवानीच्या टेबलांचं बोलत होतीस.

आमच्या भिंतीवरून त्याचं नाव काढलंय. पण मधे भिंत हवी असणारे आम्ही एकटे नाही, आणि बाकीच्या संघांना यातलं काही ठाऊक नाही. म्हणजे गुरुवारी फोन वाजू शकतो. मला तो वाजण्याचीच भीती वाटते.

हे तुला कळवायचा मला अधिकार नाही. कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे. पत्र मिळाल्याबरोबर त्याला समोर बसव आणि निवडीतून नाव काढून घ्यायला लाव. माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल. आलेल्या पाहुण्यांपुढे मान खाली जाईल तुझी, हे मला ठाऊक आहे. तेवढं सोस.

माझ्यावर राग धर. त्यानेही जन्मभर धरावा. तो माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्यासमोरून चालत गेला तरी मला चालेल. पण चालत जायला हवा.

तू नको म्हणालीस तरीही तुझाच भाऊ,
अल्सीद