जवळच्या नातेवाइकांची यादी

९ जानेवारी
पुतण्याने परस्पर बुकिंग केलं. समुद्रकिनारी चार दिवस, दादा आणि मी. फोनवर म्हणाला, "काका, बाबांना हवापालट हवा. आई गेल्यापासून घराबाहेर पडले नाहीत. तुम्ही सोबत असलात की मला काळजी नाही." तू येणार का, विचारलं. त्याला रजा नाही.

वहिनी जाऊन दोन महिने होत आले. दादाला बुकिंगचं सांगितलं. पेपर खाली न घेता त्याने विचारलं, "तू जाणार आहेस का?" म्हटलं, तू गेलास तर. "मग जाऊ." एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचं एका आठवड्याचं बोलणं यात संपलं.

१० जानेवारी
ऑफिसात, वीजमीटर तपासणीच्या खोलीत बातमी फुटली. बाकावर बारा मीटर फिरत होते, तेरावा आमचा रेडिओ. (शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ. सगळे त्यांना रेडिओच म्हणतात, कारण बंद करायचं बटण नाही.) "विमा काढलास का प्रवासाचा? नाही? अरे, माझ्या साडूची बॅग एका गावाला गेली आणि साडू दुसऱ्या. चार दिवस अंगावरच्या कपड्यांवर काढले. विमा असता तर?"

विमा असता तर काय, कपडे धावत आले असते? मनात म्हटलं. असं सगळं मी मनातच म्हणतो.

साहेबांच्या कानावर गेलंच. ते विम्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. सासुरवाडीला जातानाही काढतात. तो विमा समजण्यासारखा आहे.

१२ जानेवारी
दादा आज जिन्यात मध्येच थांबला. कठडा धरून उभा. वहिनी असती तर तिने वरून विचारलं असतं, काय झालं म्हणून. मी दोन पायऱ्या खाली तसाच उभा राहिलो.  मग तो चालायला लागला.

परक्या गावात याला काही झालं तर मी एकटा काय करणार? विमा काढायचा.

१४ जानेवारी
विमेवाल्या बाईंच्या ऑफिसात. भिंतीवर वाळूतून पळणारं एक हसतमुख जोडपं. पळताना पडले तर ते विम्यात आहे का, विचारावंसं वाटलं.

दादाचं वय सांगितलं, बाईंचं पेन थांबलं. हृदयात बसवलेली स्प्रिंग, साखर, रक्तदाब, गुडघा. "आधीपासूनचे आजार वगळून हं, काका." म्हणजे हृदय नाही, साखर नाही, गुडघाही नाही. मग उरलं काय?

"सामान हरवलं तर. गाडी रद्द झाली तर. दरीत पडले तर."

"समुद्रावर दरी?"

"पॉलिसी सगळीकडे चालते ना, काका."

थोडक्यात, दादाला जे होणं शक्य आहे ते सोडून बाकी सगळ्याची सोय आहे.

ऐनवेळी जाणंच रद्द झालं तर? तर कारण बघून. स्वतःचं आजारपण किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू. जवळचे कोण, तेही बाईंनी वाचून दाखवलं. नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण, सासूसासरे.

"भावाची बायको?"

"वहिनी? नाही हो. ती कशी येईल यात?"

बरोबर आहे. यादी कुठेतरी थांबवावीच लागते.

१५ जानेवारी
वहिनी गेली तेव्हा भेटायला आलेले लोक दादाजवळ बसायचे. मी पाणी द्यायचो. निघताना दारात मला म्हणायचे, "आता दादाला सांभाळा." हो म्हणायचो. बायको त्याची गेली होती.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांचा. आई जाऊन दोन वर्षं झालेली. पहिल्याच आठवड्यात तिने मला पकडून बसवलं आणि माझी नखं कापली. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं की ती वाढलीत. — आता हे कोणाला सांगायचं, आणि कशाला.

१७ जानेवारी
रेडिओ म्हणाला, "विमा काढला की काही होत नाही. अनुभवाचे बोल आहेत."

"मग काढायचा कशाला?"

"त्याच्यासाठीच."

 साहेबांनी मान डोलावली.

१८ जानेवारी
काढायचा नाही असं ठरवलं.

१९ जानेवारी
काढायचा. दादाला खोकला झालाय. खोकला नवा आहे, पण दोन दिवस टिकला की तोही आधीपासूनचा होईल.

२० जानेवारी
दादा दुपारी बाहेर जाऊन आला. कुठे, ते सांगितलं नाही. जेवताना म्हणाला, "तुला जायचं नसेल तर नको जाऊ. पोराला मी सांगेन काय सांगायचं ते."

त्यालाच जायचं नाही आणि माझ्या नावावर खपवतोय! राग आला. उठून ताट घासून ठेवलं.

२१ जानेवारी
ऑफिसात विमेवाल्या बाईंचा फोन. "काका, दोघांची एकत्रच करू का पॉलिसी?" दोघांची कशाला, म्हटलं, मी फक्त दादाची विचारली होती. "अहो, काल तुमचे दादा येऊन गेले ना. ते फक्त तुमची विचारत होते. म्हणाले, धाकटा फार खचलाय, ऐनवेळी त्याचा पाय निघाला नाही तर पैसे परत मिळतील का. मी म्हटलं, कारण काय दाखवायचं? तर म्हणाले, त्याची आई गेली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

बाईंचा आवाज खाली आला. "मला खरंच माहीत नव्हतं हो, काका. त्या दिवशी मी तुमच्यापुढे ती यादी वाचत बसले. फार वाईट झालं. कधी गेल्या?"

"दोन महिने झाले," म्हटलं.