दीपगृहाचे चित्र असलेल्या गाण्याच्या आरक्षणाबाबत

प्रति,
श्री. चंद्रशेखर दाभाडे,
प्रमुख, जुने संगीत विभाग,
संशोधन ग्रंथालय, सिंगापूर

विषय : वाचक श्री. विलास खांबेटे यांचे आरक्षण माझ्या नावे करणे व काउंटरवर तोंडी कारण सांगण्यातून सूट मिळणे.
संदर्भ : आपला दि. २६ मे रोजीचा ईमेल.

महोदय,

आपण मराठी वाचता असे कळल्याने मराठीत लिहीत आहे.

१. शनिवार, दि. १० मे रोजी माझे वडील आपल्या वाचनकक्षातून पुंगोलला घरी परतले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात आले. "सापडलं," म्हणाले. जहाजावर इंजिनिअर असताना बाल्टिमोर बंदरातल्या खलाशांच्या क्लबात एका बाईंनी पियानोवर वाजवलेली चाल त्यांच्या मनात राहिली होती. नाव ठाऊक नव्हते; समोरच्या छापील गाण्याच्या मुखपृष्ठावर दीपगृह होते, एवढेच आठवत होते. आपल्याकडे अमेरिकेतून जुन्या छापील गाण्यांचा संग्रह आल्यापासून ते दर शनिवारी येऊन मुखपृष्ठे पाहत. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे; मला येते. "मंगळवारसाठी राखून ठेवलंय. तू वाचून सांग. पण तिथे गप्प बसावं लागतं, तुझी पंचाईत," असे ते म्हणाले. मी म्हटले, "आधी बूट काढा." रविवारी सकाळी ते उठले नाहीत.

२. मंगळवारी आपल्या काउंटरवरून मिस लिम यांचा फोन आला. वडिलांना बरे नाही, पुढच्या आठवड्यात येतील, असे मी इंग्रजीत सांगितले. इंग्रजीत ते वाक्य तोंडातून सहज निघून गेले. त्यांनी चांगुलपणाने आरक्षण वाढवले. पुढच्या आठवड्यात मी तेच सांगितले, त्यांनीही तेच केले. शिवाय वडिलांसाठी भिंग काढून ठेवले, लिफ्टजवळ चाकांची खुर्ची ठेवली, आणि लवकर बरे व्हा म्हणून सर्वांच्या सह्यांचे कार्ड पाठवले. ते कार्ड वडिलांच्या टेबलावर आहे.

३. शुक्रवारी संग्रहाच्या पेट्या बंद होऊन अमेरिकेस परत जाणार आहेत. पानांची प्रत काढण्यास मनाई आहे. मी स्वतः मागणी केली असता, हे गाणे दुसऱ्या वाचकासाठी राखीव आहे, असे आपल्या ईमेलात उत्तर आले. ते दुसरे वाचक म्हणजे माझे वडील. नातेवाईकाने काउंटरवर येऊन कारण सांगितल्यास आरक्षण मोकळे होते, असा आपला नियम आहे. त्यासाठी मी काल आले होते. मिस लिम यांनी विचारले, "अंकल ओके आहेत ना?" मी "बेटर" म्हणाले आणि परत फिरले.

४. सबब, सोबतचा दाखला पाहून, मला काही न विचारता, उद्या गुरुवारी ते गाणे माझ्यापुढे ठेवावे. चाल मी मनातच वाचेन. वाचनकक्षाची शांतता मोडणार नाही.

५. वरील मजकूर नीट झाला आहे का हे पाहण्यासाठी मी तो घरी मोठ्याने वाचला. जे सांगायचे तेच त्यात कोठे नाही. म्हणून ओट्यापाशी उभी राहून ते म्हणून पाहिले. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला. त्यामुळे सूट मागितली आहे ती मागे घेते. उद्या दहा वाजता येईन. मात्र तेव्हा काउंटरवर आपण स्वतः असावे, म्हणजे मला मराठीत सांगता येईल.

माझे बाबा गेले.

आपली नम्र,
वल्लरी विलास खांबेटे
पुंगोल, दि. २८ मे २०२५

सोबत : वडिलांच्या मृत्यूचा दाखला, एक प्रत.