सहा महिन्यांना चार दिवस कमी

फिलाडेल्फिया, ३ मार्च १७९१
चि. लेटीस अ. उ. आ.
तू धाडलेलं डुकराचं मांस पोचलं, पण निम्मं पाहुण्यांनीच फस्त केलं. माझं स्वातंत्र्यावरचं भाषण गाजलं बरं का. माणूस माणसाची मालमत्ता होऊ शकत नाही, या वाक्याला अख्खं सभागृह उभं राहिलं. छापखान्यासाठी प्रत टायटसने उतरवली. त्याला लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा थोडं श्रेय तुझं.

आता एक नाजूक काम. इथल्या कायद्याने गुलाम सलग सहा महिने राहिला की मोकळा होतो. म्हणून आपल्याकडची मंडळी मुदतीआधी आपली माणसं गावी फिरवून आणतात. टायटसची मुदत मार्चअखेर भरते. त्याची आई फिबी आजारी आहे, असं पत्र धाड. मी ते त्याला वाचायला देईन.
तुझा दादा, अँब्रोज

व्हर्जिनिया, ४ एप्रिल
ती. दादास सा. न. वि. वि.
टायटस परवा पोचला. शेवटचे बारा मैल धावत आला. फिबी दारात वाटाणे सोलत होती. त्याने तिच्या कपाळाला हात लावला, फिलाडेल्फियाहून निघाला तोवरचे दिवस बोटांवर मोजले, सहा महिन्यांना चार कमी, आणि माझ्याकडे पाहिलं. फिबी म्हणाली, बाईसाहेब, आधी सांगायचं होतंत, मी निजून तरी राहिले असते. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

दादा, भाषणात बोलतोस ते घरात कर. कोर्टात एक सही करून त्याला मोकळा कर.
तुझी, लेटी

फिलाडेल्फिया, २० एप्रिल
चि. लेटीस अ. उ. आ.
लाज मलाही वाटते, नाकारत नाही. मृत्युपत्रात त्याला नक्की मोकळा करीन. पण आत्ता गेला तर माझी भाषणं कोण उतरवणार? माझं अक्षर मलाच लागत नाही. त्याला लगेच परत पाठव, म्हणजे नवे सहा महिने सुरू होतील.
अँब्रोज

व्हर्जिनिया, ६ मे
ती. दादास सा. न. वि. वि.
टायटसला पाठवलं. सोबत फिबीही गेली. ती बाबांनी माझ्या नावावर केली होती, तिच्या मुक्तीचा कागद मी कोर्टात केला. टायटस तुझा, तिथे माझी सही चालत नाही. प्रवासाच्या परवान्यावर मात्र चालते. त्यावर फिलाडेल्फिया लिहिलंय, तुझं घर लिहिलेलं नाही. परतीची तारीखही नाही.

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.
लेटी

फिलाडेल्फिया, २४ मे
चि. लेटीस अ. उ. आ.
टायटस आला नाही. पळालेल्या गुलामाची जाहिरात द्यायला मी छापखान्यात गेलो. मुद्रकाने ओळखखूण विचारली. चौदा वर्षं त्याने मला कोट चढवला, पण त्याच्या डोळ्यांचा रंग मला सांगता येईना. एवढंच सुचलं की अक्षर फार सुरेख आहे. मुद्रकासमोर टेबलावर माझं भाषण पडलं होतं, टायटसच्या अक्षरातलं.

जाहिरात खिशात घालून परतलो. मन पालटलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं. मुद्रक हसेल, याचीच भीती वाटली. मुक्तीच्या कागदावर सही अजून केलेली नाही.

हे पत्र वाचता आलं नाही तर सांभाळून घे. मीच लिहिलंय.
दादा