जाड बाण

आई, परवा एका बाईचे काम माझ्या एका रेषेवर टांगलेले होते आणि ती रेषा मीच जाड केली होती. हे तुला समजावून सांगायचे तर आधी माझा व्यवसाय सांगणे क्रमप्राप्त आहे. तू गेलीस तेव्हा मी खासबागेतल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होतो आणि ‘पोरगं मास्तर झालं’ या समाधानात तू डोळे मिटलेस. ते समाधान अबाधित राहो. वस्तुस्थिती अशी की पुढे मी शाळा सोडली आणि मूल्यमापक झालो. एखाद्या संस्थेने एखाद्या गावात काही उपक्रम चालवला की त्यातून काय घडले आणि ते कशामुळे घडले, हे शोधायला मी जातो. लोकांच्या सोप्यात बसतो, विचारतो, ऐकतो, लिहून घेतो. निपाणीच्या आपल्या गल्लीत याला भोचकपणा म्हणत. आमच्या शास्त्रात त्याला गुणात्मक संशोधन अशी संज्ञा आहे आणि त्यासाठी प्रवासभत्ता मिळतो.

या शास्त्रातली माझी विशेष विद्या म्हणजे कार्यकारण-नकाशा. नाव ऐकून भिऊ नकोस, वस्तू सोपी आहे. माणूस बोलू लागला की कारणे देऊ लागतो. रोपे जळाली म्हणून लावण रखडली, लावण रखडली म्हणून थोरला गोव्याला कामाला गेला. यातल्या प्रत्येक गोष्टीची एक चौकट काढायची आणि कारणाच्या चौकटीपासून परिणामाच्या चौकटीपर्यंत बाण ओढायचा. बाणामागे ते वाक्य बोलणाऱ्याच्या शब्दांत जसेच्या तसे बांधून ठेवायचे, म्हणजे उद्या कुणी विचारले तर दाखवता येते. सगळ्यांचे बाण एकावर एक ठेवले की गाव स्वतःच्या सुखदुःखाचा उगम कुठे मानते, याचे चित्र दिसते. तोच बाण जितक्या जास्त तोंडांतून आला तितका तो जाड काढायचा. यात माझे मत कुठेही नसते. ते आमचे ब्रह्मचर्य आहे. ‘बाण म्हणजे सत्य नव्हे, कुणीतरी तसे म्हटले एवढाच त्याचा अर्थ,’ हे वाक्य मी प्रशिक्षणवर्गांत अशा स्वरात उच्चारतो की मागच्या बाकावरचे झोपलेले विद्वानही क्षणभर डोळे उघडतात.

आता गाव. खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या वाटेवर, रानाला चिकटलेले. तिथे एका संस्थेने बायकांना पोह्यांचा उद्योग काढून दिला. पत्र्याची शेड, एक भट्टी, एक यंत्र. भिजवलेले भात भाजायचे, चपटे करायचे, चाळून पिशव्या भरायच्या. शेडची किल्ली सांभाळणारी, भट्टी कधी पेटवायची आणि कुणी कधी यायचे हे ठरवणारी एक सचिव. तिचा नवरा वारलेला, घर तिच्या मानधनावर चाललेले. माहेर निपाणीचे, त्यामुळे बोली थेट तुझी, शब्द थोडे आणि धार फार. सुरुवातीला शेड बायकांनी भरलेली असे, नंतर ती ओस पडत गेली. का, हे संस्थेला हवे होते. माझा नकाशा गावच्या सभेत दाखवायचा आणि तो पाहून ही सचिव ठेवायची की काढायची याचा निर्णय घ्यायचा, असे ठरलेले होते.

आम्ही नियमाप्रमाणे, उत्तर सुचवले जाऊ नये म्हणून, शेडचे नावही न काढता विचारत गेलो. ‘गेल्या काही काळात तुमच्यात काय बदललं आणि कशानं?’ माझी सहकारी, धारवाडकडची कन्नड मुलगी, उत्तरे संगणकावर जुळवते. एका दुपारी तिने पडदा माझ्याकडे वळवला. ‘सर, हा बघा. बाण नाही, दोरखंड आहे.’ एका टोकाला ‘सचिवांचा स्वभाव’, दुसऱ्या टोकाला ‘बायका येईनाशा झाल्या’. बाकीचे बाण त्याच्यापुढे शिवणाच्या दोऱ्यासारखे. कोपऱ्यात एक फारच क्षीण, दोघींच्याच तोंडचा बाण होता. काजूच्या कारखान्याची गाडी दारापर्यंत येऊ लागली म्हणून बायका तिकडे वळल्या, असे त्या म्हणाल्या होत्या. मी नकाशा संस्थेकडे धाडला. त्यांच्या प्रमुखांचा लगेच फोन आला. ‘सर, चित्र एकदम क्लिअर आहे. सभेत तुम्ही फक्त दाखवा, पुढचं आम्ही बघतो.’ मी नम्रपणे निवेदन केले की जाड बाण म्हणजे पुष्कळांनी तसे म्हटले एवढेच, त्याचा परिणाम मोठा असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘तेच की हो,’ ते म्हणाले, ‘सगळेच म्हणतायत.’

आई, हे वाक्य मी तुझ्या स्वयंपाकघरात ऐकलेले आहे.

तू कामाला जायचीस त्या तंबाखूच्या वखारीच्या दारात मुकादमाने तुला अडवून कामावरून काढले, तो दिवस मला धूसर आठवतो. सकाळी गेलेली तू सकाळीच परत आलीस, डबा भरलेलाच होता आणि आम्ही तो चुलीपुढे बसून खाल्ला. संध्याकाळपर्यंत गल्लीत सर्वतोमुखी झाले की समोरच्या घरच्या आक्कांनी चहाडी केली. तू कामगारांच्या सभेला गेली होतीस हे त्यांनीच मुकादमाच्या कानावर घातले. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला कुणी त्यांना बोलावले नाही. नळावर त्या आल्या की बायका घागरी उचलून बाजूला होत. वर्षभरात त्यांनी बिऱ्हाड चिकोडीकडे हलवले. सामान टेम्पोत चढत होते तेव्हा तू दार लोटून घेतलेस आणि आतून कडी घातलीस. दिवसाढवळ्या आपल्या घराला कडी लागलेली मी तेवढ्या एकाच वेळी पाहिली.

मग मी कॉलेजात तर्कशास्त्र घेतले आणि त्या विषयाने बाधित झालेला मनुष्य घरात जितका असह्य होतो तितका झालो. मला ते दृश्य आजही समोर दिसते. तू परातीत भाकरी थापते आहेस, मी उंबऱ्यावर बसून तुझी उलटतपासणी घेतो आहे.

‘समोरच्या आक्कांनी सांगितलं, हे तुला कुणी सांगितलं?’

‘सगळी गल्ली म्हणत हुती की रं.’

‘आणि गल्लीला कुणी सांगितलं?’

तू भाकरी तव्यावर टाकलीस. वरून पाणी फिरवलेस. ती उलटायची वेळ झाली तरी तुझा हात हलला नाही आणि करपल्याचा वास आला.

‘मीच,’ तू म्हणालीस. आणि मग माझ्याकडे न बघता, ‘लई शाना झालायस. ताट घे.’

ती करपलेली भाकरी तू स्वतःच्या ताटात घेतलीस. त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस आणि विजयी तर्कपंडिताने, म्हणजे मीही, काढला नाही. त्या बाईंनी खरोखर चहाडी केली होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. केलीही असेल. ठाऊक आहे ते एवढेच की अवघ्या गल्लीची साक्ष मुळात एकाच चुलीपासून निघाली होती आणि फिरून त्याच चुलीपाशी पुरावा म्हणून आली होती.

म्हणून सभेच्या आदल्या दिवशी मी सहकारीला घेऊन पुन्हा त्या गावात गेलो. ज्या ज्या बायकांच्या वाक्यांनी तो बाण जाड झाला होता, त्यांच्या दारात उभा राहिलो आणि एकच प्रश्न विचारला. सचिव कुणाला टाकून बोलली तेव्हा तुम्ही तिथे होता का?

‘न्हाय वो. मी त्या दिवशी गेलतेच न्हाय.’

‘मग कळलं कुठून?’

‘गाडीत म्हणत हुत्या.’

पुढच्या घरीही गाडी, त्याच्या पुढच्याही घरी गाडी. काजूची गाडी. शेड सोडलेल्या बायका रोज सकाळी त्या एकाच गाडीत समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. कालपर्यंत जिच्याबरोबर भट्टीपाशी घाम गाळला तिला सोडून जायचे, तर जाणारीला कारण हवे, आणि तेही स्वतःला लहान न करणारे. असे कारण त्या गाडीत तयार होत होते आणि प्रत्येक बाई उतरताना आपला वाटा घरी नेत होती. मी मात्र ती सारी तोंडे स्वतंत्र धरून एकेक मोजली होती. परतताना सहकारी म्हणाली, ‘सर, मग संस्थेला सांगू या ना, खरं कारण गाडी आहे.’ मी नाही म्हणालो. ज्यांनी विश्वासाने बोलून दाखवले त्यांना सभेत उघडे पाडायचे, म्हणजे एका बाईवरचे बोट उचलून अनेकींवर रोखायचे. शिवाय गाडीचा बाणही कुणीतरी म्हटलेलाच होता.

सभा शाळेच्या वर्गात. फळ्यावर पांढरी चादर लावली आहे, तिच्यावर नकाशा पडला आहे. संस्थेचे प्रमुख पुढे, गावातले वयस्कर अण्णा त्यांच्या शेजारी खुर्चीत, बायका खाली सतरंजीवर. सचिव दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. बसा म्हटले तरी बसत नाही.

‘एवढा दांडगा बाण हाय म्हंजे कायतरी असणारच की,’ अण्णा म्हणाले.

‘त्या चौकटीत नाव न्हाय माझं,’ दारातून आवाज आला. ‘पर गावात सचिव एकच हाय.’

‘ताई, हे वैयक्तिक घेऊ नका,’ प्रमुख म्हणाले.

‘मग कुनाचं म्हनून घेऊ? शेजारणीचं?’

एक-दोघी हसल्या. ते हसू फार लांब गेले नाही. मी सहकारीला खूण केली आणि तिने दुसरा नकाशा लावला. तोच बाण, पण आता त्याच्यात स्वतः तिथे हजर असलेल्यांचीच वाक्ये ठेवली होती आणि ऐकीव वाक्यांची सगळी मिळून एकच साक्ष धरली होती. दोरखंडाची सुतळी झाली. नाहीशी झाली नाही. भात करपले तेव्हा दोघींना तिने खरेच फाडून खाल्ले होते, आणि तेही चित्रात राहिले.

अण्णांनी चष्मा पुसला. ‘मघाशी जाड, आता बारीक. रबराचा हाय काय वो तुमचा बाण?’

मी साक्षींचे स्वातंत्र्य या विषयावर विवेचन आरंभले. ते माझ्या मते अत्यंत सुबोध होते आणि कुणालाही कळत नव्हते. प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिले. ‘म्हणजे सर, थोडक्यात, स्वभाव हे कारण आहे की नाही?’ हो म्हटले तर तिची किल्ली जाणार होती. नाही म्हणायला माझ्याजवळ पुरावा नव्हता.

तेवढ्यात सतरंजीवरची एक बाई पदर सावरत उठली. ‘मी बसती काजूच्या गाडीत,’ ती म्हणाली. ‘गाडी दारात येती. शेडकडं जायचं म्हंजे वढा वलांडून चालत जावं लागतंय. आनि तितं रोज काम हाय, हितं भात आसंल तवा. आता हिच्या तोंडाचं म्हणाल, तर आमच्या सासूचं ह्याच्यापरास वाईट हाय. घर सोडलंय व्हय मी?’

या वेळी हसू दारापर्यंत पोचले. तिची सासू दोन ओळी मागे बसली होती. तीही हसली, थोडी उशिरा. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली, आणि ओढ्यावर साकव घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा प्रमुखांनी कागद आवरायला घेतले. सचिव बदलण्याचा विषय या सभेत घ्यायचा नाही, असे ठरले. पुढच्या सभेचे कुणी काही बोलले नाही.

चादर काढत होतो तेव्हा ती जवळ आली. किल्ली हातात होती. ‘तो जाड बाणाचा कागद आता कुठं जानार?’

‘दोन्ही नकाशे अहवालात राहतील. लोकांनी तसं म्हटलं होतं, हे पुसता येत नाही.’

‘आनि तुमाला? तुमाला काय वाटलं हुतं?’

‘नकाशात माझ्या मताला स्थान नसतं,’ मी म्हणालो.

‘बरं हाय तुमचं,’ ती म्हणाली आणि शेडकडे गेली.

आई, माझे उत्तर शास्त्रशुद्ध होते आणि खोटे होते. हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, म्हणून इथे लिहितो. पहिल्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तेव्हा ती भट्टीपुढे होती, दोन्ही हात गुंतलेले. तिने मान वर केली नाही, बसा म्हटले नाही, चहा विचारला नाही. तोवर मी एकाच बाईची मुलाखत घेतली होती. तरी अंगणात येता येता माझ्या मनात तिच्या स्वभावाचा बाण ओढून झाला होता. त्यानंतर प्रत्येक घरी, शेडची गोष्ट आपोआप निघाली आणि तिचे नाव येण्यासारखी जागा आली, की मी लेखणी थांबवून थोडा गप्प बसत असे. इतका थोडा, की माझ्या सहकारीच्याही ते लक्षात आले नाही. समोरच्या बाईला मात्र तिचा स्वभाव काढायला तेवढा अवकाश पुरत होता.