साहेबांना विमान दाखवायला

२ नोव्हें., रवि.
जुळे सोलापुरातून सुभेदारसाहेबांना घेतलं. होटगी रोडला, विमानतळाच्या भिंतीबाहेर गाडी लावली. पंख्यांचं विमान उतरलं. साहेब बसल्या जागी सॅल्यूट ठोकायला गेले, हात टपाला आपटला. वय एकोणऐंशी. मला ओळखत नाहीत, 'ड्रायव्हर' म्हणतात. ते बरोबरच. फौजेत त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं ट्रकच चालवला.
येताना तलावाकडून चक्कर. तूर फुलावर आलीय. मध्येच म्हणाले, "शालन कुठं हाय?" घरी सगळे सांगतात, माहेरी गेल्यात. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी वारल्या, साहेब. दोन वर्षं झाली."
आत्ताच कळल्यासारखे रडले. घर येईतो विसरले. जिना चढताना हसत होते.

९ नोव्हें., रवि.
परत विचारलं. परत सांगितलं. या वेळी तोंडून निघून गेलं नाही. मुद्दाम.
फौजेतली, डोंगरातली ती धावपट्टी आठवत होती. रसदीचं विमान आठवड्यातून एकदा. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा, अशी माझ्या नावाची तार साहेबांकडे आली होती. त्यांनी चार दिवस खिशात ठेवली. ताफ्याला ड्रायव्हर कमी होते म्हणून. त्या चार दिवसांतच विमान येऊन रिकामं परत गेलं. त्यातली पोती मीच उतरवली. जाताना हात हलवला.
गावी पोचलो तेव्हा आईचा दहावा होता.
चाळीस वर्षं विषय काढला नाही. दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जात राहिलो.

१६ नोव्हें., रवि.
आज खुशीत. "औंदा ज्वारी चांगली हाय की." विमान आलं, गेलं, तरी विचारेनात. शेवटी मीच काढलं. "साहेब, वहिनी कुठं आहेत, आठवतंय का?"
मग सांगितलं.
रुमाल तोंडाशी धरला. म्हणाले, "शेवटी माझं नाव काढलं का रं तिनं?"
काढलं होतं. दवाखान्यात मी शेजारीच उभा होतो.
"नाही," म्हणालो.
घरी येऊन व्यवस्थित जेवलो. झोपलो. लिहून ठेवतोय, नंतर नाकबूल व्हायला नको.

२३ नोव्हें., रवि.
विचारलंच आज. "साहेब, एका ड्रायव्हरची तार तुम्ही चार दिवस खिशात ठेवली होती. का?"
वाटलं, कुठली तार म्हणतील. पण लगेच बोलले, "सांगितलं असतं तर घाटात गाडी कुणी न्यायची?" आवाज तोच, तेव्हाचा.
मग हळूच, "पोचला का त्यो येळेवर?"
नाही, एवढंच म्हणायचं होतं. जमलं नाही. विमान कधी उतरलं, पाहिलंच नाही.

३० नोव्हें., रवि.
सून, वर्षा, दारातच थांबलेली. "काका, अण्णा फिरून आले की जेवत नाहीत हल्ली. तिकडं काही होतं का?"
"काही नाही. विमान बघतो."
"तुमच्याशिवाय कुणाबरोबर जातपण नाहीत. मला उद्यापासून ड्यूटी आहे. रोज न्याल का, तासभर?"
साहेब केव्हाचे गाडीत, पट्टा लावून बसलेले. हो म्हणालो.
तलावाच्या वळणावर, "शालन कुठं हाय?"
आज सांगवेना. "माहेरी गेल्यात," म्हणालो. वाटलं, संपलं.
"मग चल की मोहोळला. घिऊन यिऊ."
उलट फिरवून गाडी पुणे हायवेला घातली. वाटेत कुठंतरी विसरतील, असा हिशेब. विसरले नाहीत. वहिनींच्या माहेरचं घर केव्हाच विकलंय, तिथं आता खताचं दुकान. आज बंद होतं. तासभर समोर थांबलो. "आवरत आसंल," म्हणत साहेब शटरकडं बघत राहिले. काच पुसली दोनदा. मागच्या सीटवरची माझी पिशवी पुढं घेतली, तिला बसायला जागा म्हणून.
शेवटी गाडी मीच वळवली.
"उद्या यिऊ परत," म्हणाले.