आरेन्दा, पाख्त आणि आमची बाग

५ ऑगस्ट, मंगळवार

आज तिसऱ्यांदा तोच शब्द! लुदमिला नावाची रशियन बाई सलूनसाठी दुकान बघायला आली होती. फोनवर आईशी कडाकडा बोलत होती आणि दर दोन वाक्यांनी – अरेन्दा, अरेन्दा. विचारलं तर म्हणाली, भाडेपट्टा. गेल्या आठवड्यात एक युक्रेनियन 'ओरेन्दा' म्हणत होता. आणि त्याच्या आधी तो स्वीडिश म्हातारा – 'आरेन्दे'! रशियन आणि युक्रेनियन एका घरातल्या भाषा, ते कळतं. पण स्वीडिशमध्ये हा कुठून घुसला?

बारा वर्षं बर दुबईच्या या ऑफिसात लोकांना फ्लॅट आणि दुकानं भाड्याने लावून देतेय. या शब्दाकडे कधी कान गेला नव्हता.

६ ऑगस्ट

संपदाला सांगितलं. संपदा म्हणजे शेजारच्या टेबलावरची, पुण्याची, सगळं आधीच माहीत असलेली. "कोइन्सिडन्स असेल गं. तू टार्गेट बघ, ऑगस्ट स्लो चाललाय." मी म्हटलं, शब्दांच्या इतिहासाची एक डिक्शनरी आहे, मागवू? "नव्वद दिरहम? म्हणजे एकवीसशे रुपये! एका शब्दासाठी?"

नाही मागवली. नेट फुकट आहे.

स्वीडिश म्हाताऱ्याला चावी द्यायच्या निमित्ताने फोन केला. खूश झाला बिचारा. म्हणाला, आरेन्दे घराला नाही म्हणत, शेतजमिनीला म्हणतात.

९ ऑगस्ट, शनिवार

माझा नवरा ओवेस काल रात्री रुवैसहून आला. रिफायनरीत आठवडाभर राहिलेली झोप इथे पुरी करतोय. मी सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेली. अल नहदातल्या या फ्लॅटमध्ये ऑगस्टात दुसरं करणार काय, बाल्कनीत पाय ठेवला तर भाजतो!

तर सापडलं. मूळ लॅटिन. जुन्या काळी करार लिहायचे ते लॅटिनमध्येच, मग भाषा घरात कुठलीही असो. पोलंडच्या जमीनदारांनी गावं, गिरण्या, दारूचे गुत्ते भाड्याने दिले – आरेन्दा. तिथून तो रशियनमध्ये, युक्रेनियनमध्ये. स्वीडिश लोकांनी त्याच लॅटिनमधून आपला वेगळा उचलला.

जर्मनांनी मात्र दुसराच लॅटिन शब्द घेतला – पाख्त. मूळ अर्थ नुसता 'करार'. डचांकडेही तोच, डॅनिशमध्येही, आणि जर्मन शेजाराने पोलिश-चेकमध्येही शिरलेला. मला शब्द म्हणजे आपल्या रत्नागिरीचे लोक वाटायला लागले. जहाज लागेल तिथे उतरायचं आणि तिथलेच होऊन जायचं.

एमानला ऐकवलं. तेरा वर्षांची आहे, मान वर न करता म्हणाली, "मम्मा, लिटरली नोबडी केअर्स."

१२ ऑगस्ट

लुदमिलाची सही झाली. यल्ला, एक तरी!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे वाचलं त्याने उडालेच. जर्मनमध्ये राहत्या घराच्या भाड्याला वेगळा शब्द आहे. पाख्त म्हणायचं ते जिथलं पीक, फळ पण तुम्ही घेणार त्या जागेला. अगदी आपलंच की! घराला भाडं, बागेला खंड. आमची हापूसची बाग भामाकाकी करते तो खंडच, म्हणजे पाख्तच!

भामाकाकी म्हणजे सत्यभामा, आमच्या गावातली. आधी ती आणि तिचा नवरा मिळून बाग करायचे, तो गेल्यावर ती एकटी. फवारणी, राखण, आंबा काढणं, सगळं तिचं. जूनमध्ये खंड आमच्या बँकेत जमा. अब्बांच्या वेळेपासून करार म्हणजे एक फोन. गणपतीच्या दिवशी ती विचारते, "या साली पन आमच्याकडंच ना?" मी म्हणते हो. खलास.

आणि मक्त्यासाठी वापरतात तो 'इजारा' हा आपला शब्दही अरबीतून आलेला! इथल्या प्रत्येक भाडेकरारावर इजारीचा, म्हणजे सरकारी नोंदणीचा, नंबर असतो, रोज शंभर वेळा बघते. तोही सरकारी दप्तरांतूनच मराठीत पोचला असणार. शब्द कागदावर बसून फिरतात. जिथे कारकून गेले, तिथे शब्द गेला.

१७ ऑगस्ट

ओवेसला हे सगळं कौतुकाने सांगायला गेले, तर त्याने भलताच मुद्दा काढला. "म्हणजे तुझ्या बागेचा कागदच नाही? तू लीजिंगवाली ना? उद्या ती म्हणाली मी कूळ आहे, इतकी वर्षं कसतेय, जमीन माझी – तर काय दाखवशील?"

भामाकाकी असं करणार नाही, म्हटलं. "ती नाही करणार. तिच्या मागचे?"

अब्बांची ती एकच गोष्ट माझ्याकडे उरलीय.

२० ऑगस्ट

करार तयार! ऑफिसचाच नमुना घेतला, मराठी केलं. चौदा कलमं. अकरा महिने, नूतनीकरण लेखी, मालकाला केव्हाही पाहणीचा हक्क. स्वतःवरच खूश आहे. पोलंडच्या कारकुनांनी पाठ थोपटली असती.

२२ ऑगस्ट

दुपारी काकीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. "काकी, नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही करून फोटो पाठव." दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही. वाचत असेल.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. संपदाकडे मोदक खाल्ले. दिवसभर फोन हातात.

काकीचा फोन आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२८ ऑगस्ट

करार आज नीट वाचला. या अल्ला! कलम नऊ – भाडेकरूने बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. कलम अकरा – स्विमिंग पूल रात्री दहानंतर वापरू नये. नमुन्यातलं काढायचंच राहिलं! हापूसच्या बागेला स्विमिंग पूल! एमान हसून हसून लोळली. मीही हसले. मग कलम तेरा वाचलं – नोटीस मिळताच भाडेकरूने जागा रिकामी करून द्यावी. हे मात्र मीच, समजून उमजून ठेवलं होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

शेवटी मीच फोन केला.

"बाय, आमचा काय चुकला?" पहिलं वाक्य हेच.

काही नाही काकी, इकडे पद्धत आहे, सगळ्यांचंच कागदावर असतं.

"सगल्यांचा असंल." मागे कोंबड्यांचा आवाज. "बाल्कनी आमच्याकडं नाय. बाकीचा वाचला. रिकामी कर म्हंतेस, तो पन वाचला."

मी सॉरी म्हणाले. ते कलम चुकून राहिलं, असंही म्हणाले. खोटं!

"कागद पायजे ना तुला? बघते," म्हणाली आणि ठेवला.

ओवेस म्हणतो, बघ, वाटाघाटी सुरू झाल्या. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही मी आज.

३ सप्टेंबर

लुदमिलाने पेढ्यांसारखं काहीतरी रशियन आणून दिलं, दुकान लाभलं म्हणून. विचारत होती, आणखी कुठल्या भाषेत सापडला का तुझा शब्द? म्हटलं, शोधायचं सोडलं.

काकीला दोन मेसेज केले. करार रद्द समज, दरवर्षीसारखंच राहू दे. वाचले तिने.

मला बागेची भीती नाही राहिली. पुढच्या मे महिन्यात गावी गेल्यावर तिच्या दारात उभी कशी राहू, त्याची आहे.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी काकीने एक फोटो पाठवला. घडी पडून पिवळा झालेला कागद, अब्बांचं अक्षर, खाली सही आणि दोन साक्षीदार. मे २०१३.

"आंब्याची कलमं सत्यभामाच्या नवऱ्याने माझ्याबरोबर लावली. सत्यभामा हयात आहे तोवर बाग तिने करावी. तिच्याकडून खंड घेऊ नये."

खाली तिची एक ओळ – "तुझा वाचला, आता माझा वाच."

अब्बा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. तेव्हापासून अकरा जून महिने झाले. एकाही जूनला तिचा खंड चुकला नाही.