धोट्यामागची नजर

अप्पा,

आधी जे झालं ते क्रमाने.

१. मागावर सरकत्या चादरीतला तुटलेला धागा तुम्हाला दिसेनासा झाला. माल बाद होऊ लागला.
२. आईने तुम्हाला चष्म्याच्या दुकानात नेलं. तक्त्यावरची शेवटची ओळही तुम्ही वाचलीत.
३. त्यानंतर तुम्हाला कुणी आजारी मानलं नाही.
४. भिंतीतून येणाऱ्या आवाजांना तुम्ही उत्तरं देऊ लागलात, तेव्हा दवाखाना झाला. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया.
५. मी नववीत असताना तुम्ही गेलात. हृदय बंद पडलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक संध्याकाळ आहे. काकांनी, तुमच्या धाकट्या भावाने, तुमची परीक्षा घेतली, मागावरची माणसं घेतील तशी. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा हातात धरून तो तुमच्या डोळ्यांपुढून सावकाश नेला. मान हलवू नको म्हणाले. मी उंबऱ्यावर बसले आहे. तुमचे डोळे धोट्याबरोबर सरकत नाहीत. मागे राहतात, मग उडी मारून त्याला गाठतात. काका हसले. "वयनी, अण्णाचं डोळं बरं हाईत की. टिंगल करतोय आपली." तुम्हीही हसलात. आई चुलीकडे वळली.

आता माझं कामच ते आहे. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणारं यंत्र मी चालवते. पडद्यावर ठिपका सरकतो, माणूस त्याच्यामागे बघतो, रेषा उमटते. तुमचा आजार असलेल्या पुष्कळांची रेषा पायऱ्यापायऱ्यांची येते. नजर साफ असते, पण सरकत्या वस्तूला धरून राहत नाही. तक्ता हलत नाही, म्हणून तो तुम्ही वाचलात. तुम्ही टिंगल करत नव्हतात. रक्ताच्या नातेवाइकांतही, ते धडधाकट असले तरी, अशी रेषा कधी कधी दिसते. नुसत्या रेषेवरून कुणाचं निदान होत नाही. हे मी लोकांना रोज सांगते, आणि ते खरं आहे.

यंत्राचा कॅमेरा बदललाय. तो जुळवायला शनिवारी कुणीतरी निरोगी माणूस खुर्चीत बसवायचा आहे. सहकारी म्हणाली, "तूच बस की. तुझ्याइतकं शांत कोण हाय हितं?" मी बरं म्हटलं. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर नेली, तर स्वतःचे डोळे हललेले कुणालाच दिसत नाहीत. हे मला ठाऊक होतं.

मला एवढंच विचारायचंय. त्या संध्याकाळी धोटा तुम्हाला तुटक दिसत होता, की सगळं सुरळीतच वाटत होतं? मला तर सगळं सुरळीतच दिसतं. शुक्रवारपर्यंत कळवा. शनिवारची रजा मी टाकून ठेवली आहे. उत्तर आलं तर मागे घेईन.